राजांगण, खळं आणि माटव : पेडणे-डिचोलीच्या घरांनी ऊन कसं वाटून घेतलं

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी लेक तान्हं बाळ घेऊन म्हापशाला आपल्या फ्लॅटवर परतली. चार दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, बाळाला सकाळचं ऊन कुठे दाखवू? सकाळी ऊन पडतं ते समोरच्या इमारतीवर. आमच्याकडे येतं ते दुपारी तीनला, पश्चिमेच्या काचेतून. तेव्हा तर पडदे ओढून बसावं लागतं."

मी स्थापत्य अभियंता. तीस वर्षं बांधकामात घालवली, त्यातली निम्मी डिचोली तालुक्यात खाणींच्या आसपास. इतिहासाचा नाद नंतर लागला, शिक्षण त्यातलं काहीच नाही. लेकीला मी काहीतरी उत्तर देऊन टाकलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्या पेडण्याच्या घरात हा प्रश्न कोणाला कधी पडलाच नव्हता. बाळाला कुठे न्यायचं, पापड कुठे वाळत घालायचे, म्हाताऱ्या माणसानं दुपारी कुठे बसायचं, हे घरच सांगायचं. मग ते घर कसं सांगत होतं, हे मोजून बघावं असं ठरवलं. हा लेख म्हणजे त्या मोजमापांचा हिशेब.

आपल्या भागात देवळांवर आणि शिलालेखांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केलेला जीर्णोद्धार शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तसं घराच्या वळचणीवर कोणी लिहीत नाही. वळचणीला शिलालेख नसतो. पण तिची उंची मोजता येते, आणि सूर्य काही बदललेला नाही. शंभर वर्षांपूर्वी डिसेंबरात त्या वळचणीखालून ऊन किती आत येत होतं, हे आज अचूक सांगता येतं. इतिहासाला इतका भरवशाचा साक्षीदार क्वचित मिळतो.

आधी भूमी समजून घेऊ. डिचोली आणि पेडणे हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १७८०च्या दशकात आधी डिचोली-सत्तरी आणि मग १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं. म्हणूनच यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी त्याआधी जवळजवळ अडीच शतकं पोर्तुगीजांखाली होत्या. तिथल्या घरांना रस्त्याकडे तोंड करून बसणारा बाल्कांव आला, शिंपल्यांच्या तावदानांच्या मोठ्या खिडक्या आल्या. आमच्याकडची घरं मात्र तेरेखोलपलीकडच्या घरांची सख्खी भावंडं राहिली. पुढे खळं, मग पडवी, आत माजघर, आणि ऐपत असेल तर मधोमध राजांगण. पेडण्यातला देशप्रभूंचा वाडा त्याच्या अनेक चौकांसाठी प्रसिद्ध आहे. आमचं घर एका चौकाचं, साधं खोतीवजा.

"जुन्या घरांत अंधारच असायचा, ऊन आत येऊच देत नसत," असं सर्रास म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. खिडक्या लहान, भिंती जाड चिऱ्याच्या, माजघरात दिवसाही डोळे सरावायला वेळ लागायचा. पण घर म्हणजे फक्त माजघर नव्हे.

पहिलं मोजमाप पडवीचं. आमची पुढची पडवी दक्षिणाभिमुख. वळचणीची कडा पडवीच्या जमिनीपासून साडेपाच फुटांवर. उंच माणसाला आत येताना वाकावं लागतं. लहानपणी आम्ही समजायचो की देवापुढे वाकायची सवय लागावी म्हणून असेल. आता हिशेब बघा. पेडणे-डिचोली साधारण पंधरा पूर्णांक सहा-सात अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. तेव्हा साडेपाच फुटांच्या वळचणीखालून ऊन पडवीत साडेचार फुटांपर्यंत आत येतं. मार्चच्या २१ तारखेला सूर्य ७४ अंशांवर चढतो आणि ऊन जेमतेम दीड फूट आत येतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीला सावली उरत नाही. त्या दिवशी मध्यान्हीचं ऊन वळचणीच्या कडेवर थांबतं, एक इंचही आत नाही.

म्हणजे थंडीत ऊन घरात, उन्हाळ्यात घराबाहेर. ना पडदा ओढायचा, ना खिडकी लावायची. सुताराने वळचण कुठे थांबवायची ते ठरवलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. पावसाची झड अडवायला वळचण खाली ओढली हे तर खरंच, तेच मुख्य कारण असणार. उन्हाची सोय त्याच वाशांवर फुकटात मिळाली. पण मिळाली ती वापरली गेली, हे महत्त्वाचं.

दुसरं मोजमाप राजांगणाचं. आमचं राजांगण दक्षिणोत्तर चौदा फूट, पूर्व-पश्चिम बारा. तळापासून चारी बाजूंच्या वळचणी सात फुटांवर. डिसेंबरात मध्यान्हीला दक्षिणेकडच्या वळचणीची सावली साडेपाच फुटांहून थोडी जास्त पडते, बाकीच्या आठ फुटांवर ऊन. म्हणजे अंगण दोन भागांत वाटलेलं: अर्ध्याहून अधिक उन्हात, उरलेलं सावलीत. बसणाऱ्यानं पाट दोन हात सरकवला की झालं. मार्चमध्ये सावली दोन फुटांवर येते, मेमध्ये नाहीशी होते. तेव्हा भर दुपारी राजांगणात माणूस दिसायचा नाही, दिसायची ती फक्त सोलं.

आणि सकाळ? डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेआठच्या आसपास पूर्वेकडच्या कौलांवरून येणारी किरणं राजांगण ओलांडून पश्चिमेच्या आतल्या पडवीत उतरतात. जमीन सारवलेली, वारा अडलेला, पलीकडेच न्हाणीघर आणि चुलीवरचं पाणी. आमची आजी नातवंडांना पायांवर घेऊन तेल चोळायला नेमकी तिथेच बसायची. मी स्वतः तिथेच लोळलेला. ती जागा आजीने शोधून काढली की तिच्या आजेसासूने, कोण जाणे. गेल्या वर्षी मी चार दिवस सकाळी घड्याळ घेऊन तिथे बसलो. उन्हाचा पट्टा रोज त्याच वेळी, आजी टेकायची त्याच भिंतीवर येत होता.

पण राजांगणाच्या कौतुकात एक गोष्ट विसरून चालणार नाही. राजांगण सगळ्यांच्या घरात नव्हतं. ते जमीनवाल्यांचं. कुळांच्या, मजुरांच्या घराला एक पडवी आणि एक खोली. मग त्यांच्या मुलाबाळांना उन्हाची सोय कोणती? याचं उत्तर खळं आणि माटव.

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. पाऊस सरला की ते नव्याने करायचं. माती खणून, पाणी मारून, चोपण्याने बडवून, शेणाने सारवून. तुळशीच्या लग्नापर्यंत खळं तयार. पुढे ऊन तापायला लागलं की त्यावर माटव चढायचा. चार मेढी, बांबू, पोफळीच्या पट्ट्या आणि वर माडाची चुडतं. मृग लागायच्या आधी माटव उतरायचा, वाळलेली चुडतं चुलीला किंवा मांगराच्या कुडाला. म्हणजे गरिबाच्या घराने आपलं छप्परच ऋतूप्रमाणे वाढवलं आणि आखडलं. थंडीत उघडं अंगण, उन्हाळ्यात चाळणीतून गाळल्यासारखे कवडसे, पावसात काहीच नाही. अभियंता म्हणून सांगतो, एवढ्या कमी खर्चात एवढी हुशार सावली मी तीस वर्षांत एकदाही उभी केली नाही.

माटवाखालीच मुलं उन्हाचे नियम शिकायची. एप्रिल-मे म्हणजे पुरमेंताचे, पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस. सोलं, आंब्याची-फणसाची साटं, पापड, खारं, उकडा भात, सगळं खळ्यात नाहीतर कातळावर वाळत पडलेलं. कावळे-कुत्री हाकायची जबाबदारी मुलांची आणि आजीची. आजीचा दंडक ठरलेला: वाळवण उन्हात, तू सावलीत. हातात लांब काठी, डोक्याला टॉवेल, बूड माटवाखाली. कावळा आला की धावत उन्हात जायचं आणि परत यायचं. पाणी मागायच्या आधीच कोकमाचं सरबत नाहीतर पेजेची निवळ पुढे यायची. 'ऊन बाधेल' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडायचा, पण 'उन्हात जाऊ नको' असं सरसकट कोणी म्हणायचं नाही. केव्हा आणि किती, एवढंच सांगितलं जायचं.

हे 'केव्हा' मी मोजायचं ठरवलं. आज त्वचेचे डॉक्टर एक सोपा नियम सांगतात: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की अतिनील किरणं जोरात, मग सावली धरा. सपाट जागी सूर्य ४५ अंशांच्या वर गेला की असं होतं. आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळेनुसार मध्यान्ह बाराला नव्हे, साडेबाराच्या पुढे-मागे होते, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत. तो धरून गणित केलं तर मेच्या सुरुवातीला आपली सावली सकाळी साधारण ९.२५ ते दुपारी ३.४० या वेळात आपल्यापेक्षा आखूड असते. डिसेंबरच्या शेवटी हीच वेळ ११ ते २.०५ एवढीच.

आता आपल्या गावचा दिवस आठवा. पहाटे शेता-बागायतीत गेलेला माणूस दहाच्या सुमारास पेजेला परत यायचा. उकड्या तांदळाची पेज, मीठ, लोणचं, तोंडाक सुका बांगडा. दुपारी जेवण आणि वामकुक्षी. पेडणे, डिचोली, साखळीच्या बाजारातली दुकानं एकला बंद, ती चारच्या आसपास उघडायची. या दुपारच्या झोपेवरून गोंयकाराची थट्टा होते. पण ९.२५ ते ३.४० हा आकडा आणि पेजेपासून चारपर्यंतचा दिवस शेजारी शेजारी ठेवून बघा. थट्टा करणाऱ्याला एकदा मेमध्ये दुपारी दोनला चांदेलच्या मळ्यात उभं करायला हवं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पूर्वजांना सगळं शास्त्र ठाऊक होतं. नाही. हे सांगायला मला जड जातं, पण इतिहास लिहायचा तर सांगावं लागेल. कोवळं ऊन बाळाच्या हाडांना बळ देतं ही आपली पक्की समजूत. हाडांसाठी लागणारं 'ड' जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते सूर्यप्रकाशातल्या एका ठरावीक अतिनील पट्ट्यामुळे. हा पट्टा सूर्य खाली असताना वातावरणातच बहुतेक शोषला जातो. म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात ऊब भरपूर, 'ड' फार थोडं. आणि खिडकीच्या साध्या काचेतून तर तो पट्टा जवळजवळ येतच नाही.

हे जगालाही उशिरा कळलं. मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ होऊन पाय वाकण्याचा रोग, उन्हाशी निगडित असावा असं थिओबाल्ड पाम या जपानमध्ये काम केलेल्या डॉक्टरने १८९० मध्ये मांडलं. धुराने काळवंडलेल्या इंग्लंडच्या शहरांत मुडदूस खूप, आणि गरीब पण उन्हातल्या देशांत कमी, हे त्याने पाहिलं. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याने मुडदूस बरा होतो हे क्ष-किरण चित्रांनी दाखवलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हेस आणि उंगर यांनी साध्या सूर्यप्रकाशानेच तो बरा केला. त्याच काळात इकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते.

मग आजीचं चुकलं का? बाळ उघडं करून भर अकराच्या उन्हात ठेवलं असतं तर त्याची कोवळी कातडी भाजली असती. तिने ऊब निवडली, भाजणं टाळलं. आणि तिच्या राजांगणात मुलं पुढे रांगत, खेळत, दिवसभर उन्हा-सावलीत ये-जा करत. उरलेलं काम त्या ये-जेतून होत असणार. आजच्या फ्लॅटमध्ये सकाळचं तेल राहिलं, ये-जा गेली. म्हणून आजचे बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी बाळाला 'ड' जीवनसत्त्वाचे रोजचे थेंब द्यायला सांगतात, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला कडक ऊन थेट लागू देऊ नका म्हणतात. आजीची पडवी आणि डॉक्टरचे थेंब यांत भांडण नाही.

या वाटणीत सगळ्यांना सारखा वाटा नव्हता, हेही नोंदवायला हवं. माजघरात आणि चुलीपुढे आयुष्य काढणाऱ्या बायकांच्या वाट्याला ऊन आलं ते एक तर छपरातल्या काचेच्या कौलातून, नाहीतर मेच्या वाळवणाला. म्हणजे एक तर काहीच नाही, नाहीतर डोक्यावरचं. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला पेजेची सुट्टी मालकाच्या मर्जीने. आणि १९५०च्या दशकापासून डिचोलीत लोखंडाच्या खाणी वाढल्या, तेव्हा घड्याळ पाळीचं झालं, सूर्याचं राहिलं नाही. तांबड्या उघड्या खाणीत माटव कुठला? मी स्वतः तिथल्या कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधून घेतल्या आहेत. वर पत्रे, पुढे वळचण दीड फुटाची, अंगण नाही. आराखड्यात 'पडवी' लिहिलं की खर्च वाढतो म्हणून वरून खोडली जायची, आणि मी ती मुकाट्याने खोडून द्यायचो. दुपारी त्या खोल्यांत मुलं झोपू शकत नसत. ती रस्त्यापलीकडच्या काजूखाली झोपायची. मी ते रोज बघत होतो.

घरं बदलली ती टप्प्याटप्प्याने. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती सपाट कौलं किनाऱ्याने वर आली. नळ्यांची जागा त्यांनी घेतली, पण वळचण राहिली. वळचण गेली ती स्लॅब आल्यावर. सपाट छप्पर, भिंतीशी संपणारं, खिडकीवर दीड फुटाची पट्टी. खळ्यात गाड्या उभ्या राहिल्या, त्याला फरशा बसल्या. माटवाच्या जागी पत्र्याची शेड आली. ती थंडीतही सावलीच देते आणि उन्हाळ्यात वर तापून खाली ओकते. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो शाळेपुढचा माटव.

आणि आता माझा स्वतःचा गुन्हा. १९९८ मध्ये आमच्या राजांगणावर पत्रे घातले ते मी. पावसात आतल्या पडव्या ओल्या होतात, शेवाळ धरतं, आई घसरेल, अशी माझी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. काम नेटकं झालं, एक थेंब गळला नाही. आई काही बोलली नाही. फक्त दुपारी निवडण-टिपण घेऊन ती राजांगणात बसायची, ती आत टीव्हीपुढे बसू लागली. दहा-बारा वर्षांनी पडली तेव्हा मनगट मोडलं. रक्त तपासलं तर 'ड' अगदी तळाला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आहार आहे, बरीच कारणं असतात. खरंच असतात. हाड पत्र्यामुळे मोडलं असं मी म्हणणार नाही. पण बाहेर जायला न लागता घरातल्या घरात मिळणारं ऊन तिच्याकडून काढून घेतलं ते मी, आणि तिला न विचारता.

हा लेख लिहिण्याआधी मी पत्रे काढले. पावसाळ्यासाठी सरकती ताडपत्री बसवली आहे, मृगाला ओढायची आणि दिवाळीला गुंडाळायची. आई ते बघायला नाही.

लेकीला मी उशिरा का होईना, नीट उत्तर दिलं. बाळाला डॉक्टरांचे थेंब चालू ठेव. सकाळी इमारतीच्या गच्चीवर ने, झबलं-टोपडं घालून, ऊब मिळण्यापुरतं. रांगायला लागला की अंगणवजा जागा शोध, जिथे ऊन आणि सावली दोन्ही हाताच्या अंतरावर आहेत. सावली आखूड झाली की टोपी, अंगभर सुती कपडे आणि झाड. पश्चिमेच्या काचेतून येणारं ऊन 'ड' देत नाही, फक्त घर तापवतं, तिथे बाहेरून चटई सोड. आणि तुझ्या सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा, कारण सगळे बाळाचंच ऊन बघतात.

शेवटी वाचकांना एक विनंती. पेडणे, डिचोली, सत्तरीतली चौकाची घरं दरवर्षी कमी होताहेत. मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात जागेचे भाव असे चढले की जुनं घर पाडणं हाच व्यवहार ठरतो. तुमचं किंवा शेजाऱ्याचं घर पाडायच्या आधी चार आकडे लिहून ठेवा: वळचणीची जमिनीपासूनची उंची, पडवीची खोली, राजांगणाची लांबी-रुंदी, आणि घराचं तोंड कोणत्या दिशेला. जमलं तर डिसेंबरात आणि मेमध्ये एकेकदा मध्यान्हीला ऊन कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारून फोटो काढा. माटव घालणारी माणसं तुमच्या वाड्यावर अजून असतील तर गाठी कशा मारतात तेही टिपून घ्या. आमच्या वाड्यावर आता एकच जण उरला आहे, आणि यंदा होळीनंतर तो आमच्या खळ्यात येणार आहे.